किन्हीराजाची टेकडी

माणसानं खोटं बोलावं, पण भूगोलात बोलू नये. इतिहासात बोललेलं खपून जातं. ज्याला ठाऊक तो कधीच वारलेला असतो. भूगोल मेला जागचा हलत नाही. कोणीही यष्टीत बसून जातो आणि पाहून येतो. हे शहाणपण मला १९७४ सालच्या जानेवारीत, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आलं, आणि तेही एका टेकडीपायी तोंडघशी पडल्यानंतर.

मी देवमन पडघान. वाशिमच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर एकोणीस वर्षं बसलेला माणूस. आलेल्या कागदावर आवकेचा नंबर घालायचा, जाणाऱ्या कागदावर जावकेचा. आसपासची सगळी गावं माझ्या टेबलावरून येतात-जातात. मी तेवढा जागच्या जागी. धनज, जऊळका, किन्हीराजा ही नावं मी हजारो वेळा लिहिली असतील. किन्हीराजातला 'न्ही' माझ्याइतका सुबक काढणारा माणूस अकोल्यापर्यंत सापडायचा नाही, असं आमचे आधीचे साहेब म्हणत. पण किन्हीराजा उंचावर आहे की खड्ड्यात, हे मला विचाराल तर राम... म्हणजे शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं. आणि नेमकं तेच मला विचारलं गेलं.

त्याचं असं झालं. माझी मुलगी बेबी मास्तरीण आहे. मालेगावच्या शाळेत गणित शिकवणारा जगदेव नावाचा मुलगा तिला पसंत होता. तिनं ते आईला सांगितलं, आईनं मला सांगितलं. मी तीन दिवस तोंड फुगवून बसलो, कारण बापाला तसं बसावंच लागतं, आणि चौथ्या दिवशी हो म्हटलं. राहिला प्रश्न जगदेवच्या वडिलांचा. ते किन्हीराजाचे जानराव. पांढऱ्या मिशा, पांढरं धोतर, गावच्या विहारात वंदना तेच घेतात. पंचशील सगळेच म्हणतात, मीही रोज म्हणतो. पण चौथ्या शीलापाशी, म्हणजे खोटं न बोलण्यापाशी, जानरावांचा आवाज एकदम चढतो म्हणतात. एका लग्नात नवऱ्या मुलाचं वय दोन वर्षांनी कमी सांगितलेलं कळलं, तर हा माणूस भरल्या ताटावरून उठला. आणि नवरा मुलगा त्यांचा सख्खा भाचा होता!

तर असे हे जानराव रविवारी आमच्याकडे आले. बेबी त्यांना आवडली. घर आवडलं. पोहेही आवडले. पोहे खाता खाता त्यांनी सहज विचारलं, "आमच्या गावाले आले असान तुमी कदी?"

साधा प्रश्न. 'नाही, योग आला नाही' एवढं म्हटलं असतं तर पुढची सगळी कथा वाचली असती. पण एकोणीस वर्षं ज्या गावाचं नाव लिहिलं, ते पाहिलं नाही म्हणायची मला लाज वाटली.

"किन्हीराजा? कितीदा!" मी म्हटलं.

"असं? मंग कसं वाटलं आमचं गाव?"

"वा! ती टेकडी! संध्याकाळच्या वेळी त्या टेकडीवरून गाव काय दिसतं हो!"

जानरावांचा चमचा हवेतच थांबला. "टेकडी?"

"टेकडी," मी ठामपणे म्हटलं. आता चढलोच होतो, उतरणार कुठून?

त्यांनी पोहे संपवले, चहा घेतला, जयभीम केला. दारात चपला घालताना म्हणाले, "येत्या रविवारी मी एकटा येतो. हो का नाही, तो शबूद देऊन जातो. अन् तवा तुमच्या त्या टेकडीचंबी बोलू."

ते वळणावर दिसेनासे होतात न होतात तोच आमच्या सौभाग्यवती लिलाबाई माझ्यासमोर उभ्या. "काहो, तठी टेकडी हाये?"

"असेल की. थोडीफार टेकडी कुठल्याही गावाला असते."

"अन् नसली तं?"

मी पेपर उघडला. तो कालचा होता. स्वयंपाकघरात बेबी कप विसळत होती; त्यातला एक फुटला. ती माझ्याकडे न पाहता तुकडे गोळा करू लागली. तेच जास्त लागलं.

"रविवारी ते आले की सीधं सांगून टाका, चुकलं म्हनून," लिलाबाई म्हणाल्या. बायकांना सगळ्याच गोष्टी सीध्या वाटतात. पन्नाशीला आलेल्या, कचेरीत मान असलेल्या माणसानं होणाऱ्या इवायासमोर, म्हणजे व्याह्यासमोर, 'मी खोटं बोललो' म्हणायचं? त्यापेक्षा गुपचूप किन्हीराजाला जावं, टेकडी पाहून यावी, बस्स. असली तर प्रश्नच नाही. नसली तर निदान एखादा उंचवटा हेरून ठेवता येईल.

दोन दिवसांत पाहून येऊ म्हटलं होतं; पण शेजारी कशाला असतात?

आमच्या शेजारी चंपालाल किराणावाले. सहा वर्षांपूर्वी ते कुटुंबासह शिखरजीची यात्रा करून आले, तेव्हापासून प्रवास या विषयावर आमच्या आळीत त्यांचा शब्द अखेरचा. मी जऊळक्यापर्यंत रेल्वेनं आणि तिथून पुढं मिळेल तसं जाणार आहे, हे लिलाबाईंनी त्यांच्या कंचनबाईंना सांगितलं, आणि पाच मिनिटांत चंपालाल स्वतः हजर.

"पडघानसाब, सफर म्हंजे खेळ नाही. होल्डॉल हाय का तुमच्यापाशी?"

"चंपालालजी, जऊळका तासाभरावर आहे."

"तासाभरातच तं घात होते! आमची मोगलसरायले पेटी गेली, ती किती वेळात गेली? दोन मिनिटांत!"

संध्याकाळपर्यंत त्यांनी मला त्यांचा अंथरूण गुंडाळायचा खाकी होल्डॉल, एक सुरई, पेटी बांधायची साखळी आणि रेल्वेचं टाइमटेबल आणून दिलं. होल्डॉलवर पांढऱ्या रंगात 'चंपालाल कस्तुरचंद, वाशिम' असं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की ते मैलावरून वाचता यावं. टाइमटेबल त्याच शिखरजीच्या साली घेतलेलं. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "गाड्या थोड्याच बदलतात? मानसं बदलतात." कंचनबाईंनी तीन दिवसांच्या कोरड्या पुऱ्या आणि लोणचं दिलं, आणि वाटेत कोणाकडचं काही खायचं नाही अशी ताकीद दिली. आणि सगळ्यात मोलाचा सल्ला चंपालालजींनी जाताना दिला: "कुठं चालले, कायले चालले, कोनाले सांगू नोका. इचारलं तं म्हना, सहज."

या 'सहज'नं माझा जीव घेतला. पण त्याआधी रजा.

आमच्याकडे रजेचे अर्ज उदयसिंग बघतो. माझ्याच वयाचा, माझ्याच पगाराचा, पण रजेच्या रजिस्टरवर बसल्यामुळे स्वतःला राजा समजतो. मी अर्जात कारण लिहिलं, 'किन्हीराजा पाहणे'.

"हे कारन नाही चालत," उदयसिंग म्हणाला. "गाव पाहनं सरकारी काम हाये. ते दौऱ्यात येते. दौरा आवक-जावकवाल्याले नसते. म्हंजे तुमाले गाव पाहताच येत नाही."

"मग काय लिहू?"

"आजार, मौत, नाहीतं लगन. तीनच कारनं हायेत. पसंत करा."

मी तिसरं पसंत केलं. 'मुलीच्या सोयरिकीसंबंधी खासगी चौकशी' असं लिहिलं. एका अर्थानं खरंच होतं ते.

"रजेच्या मुदतीतला पत्ता?"

"अरे बाबा, मी तीन दिवसांत परत येतोय."

"रकाना हाये. रकाना रिकामा नाही जात."

किन्हीराजात माझ्या ओळखीचा एकच माणूस होता, आणि त्याला तर पत्ता लागू द्यायचा नव्हता. मी नुसतं 'मु. पो. किन्हीराजा' लिहून दिलं. माझ्या टेबलावर तीन दिवस उदयसिंगच बसणार होता. मी त्याला बजावलं, "एक लक्षात ठेव. माझ्या टेबलाचा नियम आहे. आजचा कागद आज गेला पाहिजे. टपाल निघून गेलं असेल तर यष्टीच्या कंडक्टरच्या हाती दे, पण कागद मुक्कामाला राहता कामा नये." एकोणीस वर्षं मी हा नियम पाळला. साहेब लोक त्यावर खूश असत. त्याचं फळ मला पुढे मिळालं.

गुरुवारी सकाळी होल्डॉल खांद्यावर, सुरई हातात, अशा अवतारात मी स्टेशनवर पोहोचलो. चंपालालजींच्या टाइमटेबलातली गाडी चार वर्षांपूर्वी बंद झाली होती. पुढची दोन तासांनी आली. जऊळक्याला उतरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं आणि किन्हीराजाकडे जाणारं कडब्याचं एक गाडं स्टेशनबाहेर उभं होतं. गाडीवान भाऊसिंग. त्यानं होल्डॉल पाहिला, सुरई पाहिली, मग मला पाहिलं.

"कोनाकडं जा लागते?"

"कोणाकडे नाही. सहज चाललोय."

"सहज?" भाऊसिंगनं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "सहज तं ढोरबी नाही जात बाप्पा. त्यालेबी चारा लागते."

मी कडब्यावर चढून बसलो. थोड्या वेळानं न राहवून विचारलं, "किन्हीराजाला टेकडी आहे का हो?"

"टेकडीवर काय हाये तुमचं?"

"काही नाही."

"मंग असली काय अन् नसली काय!"

भाऊसिंग भला माणूस, पण त्याला वाटेत चार कामं. एका शेतात त्यानं अर्धा कडबा उतरवला. एका तांड्यावर त्याची लेक दिलेली, तिच्याकडे आम्ही जेवलो; कंचनबाईंची ताकीद मी पिठलं-भाकरीबरोबर गिळली. मग त्याच्या व्याह्याचा एक बैल लंगडत होता, त्यावर तिघांनी चर्चा केली. चौथं मत माझंही घेतलं. आमच्या घरात आजवर बैल नाही, पण 'शहरचे साहेब काय म्हनते' म्हणून मला त्याचा पाय धरून पाहावा लागला. बैलानं त्याच पायानं सुरई फोडली.

चार वाजता किन्हीराजा आलं. यष्टी थांबते तिथं उकंडरावाचं चहाचं हॉटेल. मी बाकावर होल्डॉल ठेवला, चहा सांगितला आणि उभा राहून टेकडी शोधू लागलो. पूर्वेला पाहिलं: कपाशी. उत्तरेला पाहिलं: ज्वारी. दक्षिणेला तूर, आणि तीही पोळपाटासारख्या सपाट रानात. आता आशा एकट्या पश्चिमेवर. तिकडे वळलो, तर पश्चिमेकडून, दाट चिंचांच्या खालून, हातात काठी घेतलेले जानराव सरळ हॉटेलकडे येत होते!

त्या क्षणी शहाण्या माणसानं काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी काय केलं ते सांगतो. समोर एक यष्टी सुटायच्या बेतात घरघरत होती. मी धावलो आणि आत घुसलो.

"कुठं?" कंडक्टर.

"ही गाडी जिथं जाते तिथं."

"धनज."

"मग धनज."

गाडी दोन फर्लांग गेल्यावर आठवलं: होल्डॉल बाकावरच राहिला.

धनजला उतरलो तेव्हा दिवस मावळतीला लागलेला. परतीची गाडी सकाळी. पारावर सात-आठ म्हातारे बसले होते. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "कोनाकडं आले?"

मी चिडलेलाच होतो. "कोणाकडेच नाही!"

"असं कसं? मानूस कोनाकडं तरी येतेच."

"मी नाही आलो."

"मंग तुमी चुकले," एक म्हातारा ठरवूनच बोलला. "थांबा, पाहू. आडनाव काय?"

आणि त्यांनी माझे नातेवाईक शोधायला घेतले. माझी आई कुठली, मावशी कुठं दिली, मावशीचे दीर किती, त्यांना बायका कुठून केल्या. मी म्हणत होतो, "अहो, मी शाळेच्या ओट्यावर पडेन." पण ऐकतो कोण? पाऊण तासात त्यांनी सिद्ध केलं की माझ्या मावशीच्या धाकट्या जावेची सख्खी बहीण धनीबाई म्हणून धनजातच राहते. लगेच सगळा पार मला धनीबाईच्या दारात घेऊन गेला. "धनीबाई, तुमचा भाचा आला!" धनीबाईनं मला जन्मात पाहिलेलं नव्हतं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती वाळला रे बाप्पा! इतकी वर्सं काहून नाही आला?"

सकाळची गाडी मी धनीबाईमुळं चुकवली. भाचा पहिल्यांदाच आला, तो जेवल्याशिवाय कसा जाईल? जेवण दुपारी, कारण पुरणाच्या पोळ्या. दुपारची गाडी धनीबाईच्या जाऊबाईमुळं चुकली. तिचा चहा राहिला होता. संध्याकाळपर्यंत मला सगळं धनज दाखवून झालं: शाळा, विहार, बोरं लागलेल्या बोरी, गोड्या पाण्याची विहीर, आणि एक लिंबाचं झाड, ज्याखाली म्हणे कोणी आजवर भांडलं नाही. मी मनातून जळत होतो, रविवार जवळ येत होता. तरी खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. एकोणीस वर्षं मी 'धनज' लिहीत होतो आणि त्या तीन अक्षरांत एवढी माणसं असतील असं कधी मनात आलं नव्हतं. निघताना धनीबाईनं बोरांची पिशवी हातात दिली आणि डोळ्याला पदर लावला. मलाही भरून आलं. आता यात रडण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा!

शनिवारी पहिल्या गाडीनं किन्हीराजा. बेत पक्का होता: होल्डॉल उचलायचा, पश्चिमेची दिशा पाहून घ्यायची, आणि जानरावांच्या नजरेला न पडता वाशिम गाठायचं. मी गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि हॉटेलातून आरोळी आली, "आले! टेकडीवाले आले!"

पंचवीस-तीस माणसं तरी होती; भाऊसिंगनं माझी टेकडी गावभर केलेली दिसत होती. बाकावर मधोमध होल्डॉल, एखाद्या पाहुण्यासारखा बसवलेला. त्याच्यावर एक सरकारी लिफाफा, फोडलेला. लिफाफ्यावरचा जावक क्रमांक मी दुरूनच ओळखला. तो माझ्याच रजिस्टरचा होता.

"कंडक्टरनं काल देला," उकंडराव म्हणाला. "वर नाव तुमचं, पत्ता नुसता किन्हीराजा. गावात पडघान कोनीच नाही. मंग म्हनलं, सरकारी कागद हाये, पडून नाही राह्यला पायजे. वाचला."

आणि त्यानं पुन्हा एकदा वाचला, सगळ्यांना, मोठ्यानं. 'विषय: रजा नामंजूर करणेबाबत. संदर्भ: आपला अर्ज, कारण: मुलीच्या सोयरिकीसंबंधी खासगी चौकशी. उपरोक्त अर्जात रजेच्या मुदतीतील पत्ता अपूर्ण दिला असल्यामुळे आपली रजा नामंजूर करण्यात येत आहे. तात्काळ रुजू व्हावे.'

पत्ता अपूर्ण म्हणून रजा नामंजूर, आणि ते कळवायचं कुठं, तर त्याच अपूर्ण पत्त्यावर! आणि तो कागद पोहोचतो! उदयसिंग, तुझ्या... पण दोष त्याचा नव्हता. आजचा कागद आज गेला पाहिजे, हा माझाच नियम.

"खासगी चवकशी करायची होती तं आमाले इचारा ना," एक जण म्हणाला. "जानरावचं घर चांगलं हाये. म्हैस लाथ मारते, बाकी काई खोट नाही."

"अहो, मला चौकशी नाही करायची..."

"मंग कागदावर काहून लेहलं?"

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि जानराव आले. त्यांनी होल्डॉलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. उकंडरावानं नीट ऐकू यावं म्हणून स्टोव्ह बंद केला.

"पडघानसायेब, परवा मले पाहून तुमी यष्टीत पळाले. म्या पायलं," जानराव म्हणाले. "आता एकच इचारतो. आमच्या गावाले तुमी याच्याआधी कदी आले होते?"

माझ्याजवळ तीन उत्तरं तयार होती. लहानपणी आलो होतो. मित्राबरोबर आलो होतो. दुसरं एक किन्हीराजा होतं, त्यात गल्लत झाली. तिन्ही बरी होती. तिसरं तर फारच बरं होतं. पण बेबीच्या हातून फुटलेला कप आठवला. म्हटलं, देवमन, तुझ्या मानापायी पोरीचा संसार मोडतो आहेस. काय करायचा आहे तो मान? बैलानं लाथाडलाच आहे.

"कधीच नाही," मी म्हटलं. "नाव हजारदा लिहिलं, गाव कधी पाहिलं नाही. तसं सांगायची लाज वाटली म्हणून टेकडी ठोकून दिली. ती झाकायला रजेत खोटं लिहिलं, तुम्हाला पाहून पळालो. मुलीचा यात काही हात नाही. चूक माझी आहे, तिची नाही. तिला त्याची शिक्षा देऊ नका."

जानराव एवढंच म्हणाले, "चला."

ते पुढं, मी मागं, आणि माझ्यामागं अर्धं गाव, होल्डॉल घेऊन. आम्ही पश्चिमेला निघालो. चिंचांचं बन ओलांडलं, आणि मी थबकलो. समोर टेकडी होती! चांगली दोन माणूस उंच, लांबलचक, गवत उगवलेली.

"चढा," जानराव म्हणाले.

मी चढलो. पलीकडे एक भलामोठा उथळ खड्डा होता. कोरडा. त्यात शेळ्या चरत होत्या.

"दोन साल झाले दुष्काळाले. रोजंदारीच्या हजेरीवर हा तलाव खोदाले घेतला," जानराव म्हणाले. "आमी सारे होतो. घमेल्यानं माती काढू काढू अठी टाकली. ही तीच माती. मंग येके दिवशी काम बंद झालं. काहून, तं म्हने तलाव पुरा झाला, तसा कागद आला. आमी म्हनलं, पुरा झाला तं पानी कुठी हाये? तं म्हने, ते कागदात नाही."

तो कागद मला आठवला. 'मौजे किन्हीराजा येथील तलावाचे काम पूर्ण झालेबाबत.' त्यावर जावकेचा नंबर मीच घातला होता आणि त्याच दिवशी रवाना केला होता. 'न्ही' फार सुबक आला होता. मला लाज वाटली. टेकडीची नव्हे, तलावाची.

"तुमी त्या दिवशी टेकडी म्हनलं, तं माहा चमचाच थांबला," जानराव सांगत होते. "म्हनलं, आमच्या मातीले कोनी तरी येऊन पाहून गेलं म्हना. मले लय बरं वाटलं. मंग तुमी म्हनलं, टेकडीवरून गाव काय दिसते! आता पाहा बरं. दिसते का गाव?"

मी वळून पाहिलं. चिंचा. दाट, हिरव्यागार चिंचा. गावाचं एक कौलसुद्धा दिसत नव्हतं.

"तितंच धरलं म्या तुमाले," ते म्हणाले, आणि मिशीत पहिल्यांदाच हसले. "रविवारपतुर मुदत ठेवली होती, मानूस खरं बोलते का पाहू. तुमी शनिवारी बोलले. पोरगी आमची झाली. फक्त लगनापतुर आता काई नवीन सांगू नोका. लगन झाल्यावर मंग इवाई म्हनून आमी सांभाळून घेऊ."

मी टेकडीवरच बसलो. कोणीतरी माझ्या पाठीशी चंपालालजींचा होल्डॉल सरकवला. सगळ्या प्रवासात त्याचा तेवढाच उपयोग झाला.

लग्न एप्रिलमध्ये झालं. जानरावांनी वंदना घेतली. चौथं शील म्हणताना ते माझ्याकडे पाहत थांबले, आणि मी ते सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. रजेचे तीन दिवस 'विनापरवाना गैरहजर' म्हणून माझ्या नोकरीच्या पुस्तकात कायमचे बसले ते बसले. लिलाबाईंनी मला एकदाही 'म्या म्हनलं नव्हतं का' म्हटलं नाही. म्हणजे दिवसातून एकदाच म्हटलं.

सगळं संपलं असं वाटलं आणि जुलैमध्ये टेबलावर एक कागद आला. किन्हीराजाच्या ग्रामपंचायतीचा. 'विषय: मौजे किन्हीराजा येथील पडघान टेकडीवर झाडे लावणेबाबत.' पडघान टेकडी! मी घाम पुसला आणि त्याला आवकेचा नंबर घातला. संध्याकाळी तो कागद साहेबांकडून फिरून माझ्याचकडे आला. वर लाल शाईत शेरा होता: 'श्री. पडघान यांना सदर टेकडीची माहिती असल्याचे समजते. त्यांनी दौऱ्यावर जाऊन जागेची पाहणी करावी व टेकडीवरून काय दिसते याचा अहवाल द्यावा.'

उदयसिंग दात काढून म्हणाला, "आता दौरा. रजा नाही लागत."

मी गेलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सरकारी कामानं गेलो. टेकडीवर चढलो, चारी बाजूंना नीट पाहिलं, लेकीच्या घरी जेवलो, म्हशीपासून लांब उभा राहिलो आणि परत येऊन माझ्या टेबलावर अहवाल लिहायला बसलो. दोनच ओळी झाल्या. 'एक, टेकडीवरून गाव दिसत नाही. दोन, टेकडीवरून तलावही दिसत नाही.'

खाली सही केली, जावकेचा नंबर घातला आणि त्याच दिवशी पाठवून दिला.